उद्यांची चिंता : कामगार, समाज व कायदा

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत औद्योगिक क्रांतीचा पाठ चालू असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, गिरण्या निघाल्या, माल वाढला, लोकांना रोख मजुरी मिळूं लागली, मग त्याच काळांत मजुरांचे हाल झाले असें पुस्तकांत कां लिहिलें आहे?" प्रश्न साधा दिसला तरी त्याचें उत्तर एका वाक्यांत देण्यासारखें नव्हतें.

त्याच सहामाहींत आमच्या वर्गाच्या पटावरून एका मुलाचें नांव कमी झालें होतें. त्याचे वडील इमारतीच्या कामावर रोजंदारीनें जात. परांचीवरून पाय घसरून ते पडले, मांडीचें हाड मोडलें, आणि घरांत येणारा पैसा त्याच दिवशीं थांबला. शाळेनें फी माफ केली. पण फी ही त्या घरची अडचण नव्हतीच. अडचण रोजच्या पिठामिठाची होती. पंधरा दिवसांत तो मुलगा एका दुकानीं कामास राहिला. अभ्यासांत तो चांगला होता, हें येथें सांगितलें पाहिजे.

पहिल्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर देतांना हा दुसरा मुलगा आमच्या डोळ्यांपुढें उभा होता. मजुराच्या उद्यांच्या चिंतेचा भार कोणीं उचलावयाचा, या प्रश्नास निरनिराळ्या काळीं कोणतीं उत्तरें मिळालीं, हें या लेखांत थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे. विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या आईवडिलांनींही तो वाचावा अशी विनंति आहे; कारण शेवटीं सांगावयाची गोष्ट दोघांच्याही उपयोगाची आहे.

गरिबी आणि अनिश्चितता

प्रथम एक भेद समजून घेऊं. शेतकरी गरीब असेल. पण त्याच्या कणगींत चार पायल्या दाणे असतात, परसांत भाजी असते, आणि भाऊबंदांचें घर हांकेच्या अंतरावर असतें. पीक बुडालें तर तोही बुडतो, हें खरें. तथापि त्याचें सर्वस्व एका दिवसाच्या हजेरीवर अवलंबून नसतें. ज्याचें हातावर पोट आहे त्या मजुराचें तसें नाहीं. त्याच्यापाशीं विकण्यासारखे फक्त श्रम असतात, आणि श्रम सांठवून ठेवतां येत नाहींत. सोमवारचा रिकामा गेलेला दिवस मंगळवारीं विकतां येत नाहीं. म्हणून मजुरी बरी असूनही मजुराच्या मनांत धाकधूक असते.

ही मजुरी बंद पाडणारे प्रसंग मोजके आहेत. आजार, अपघात, बेकारी, बाळंतपण, म्हातारपण व कमावत्या माणसाचा मृत्यु हे ते सहा होत. यांपैकीं एकही प्रसंग नवलाचा नाहीं. शंभर मजुरांपैकीं यंदा कोण अंथरूण धरील हें कोणासही सांगतां येणार नाहीं. परंतु कांहींजण धरतील हें सर्वांस ठाऊक असतें. सर्वांनीं थोडें थोडें बाजूस ठेवलें तर ज्याच्यावर प्रसंग येईल त्याचें भागतें. विम्याचें सगळें गणित एवढेंच आहे. पण इतकी साधी गोष्ट कायद्यांत उतरण्यास शेंकडों वर्षें लागलीं. कां लागलीं, हें इंग्लंडच्या इतिहासावरून चांगलें कळतें.

दया आणि शिक्षा

इंग्लंडांत १६०१ सालीं, एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दींत, गरिबांविषयींचा प्रसिद्ध कायदा झाला. प्रत्येक पॅरिशनें, म्हणजे चर्चच्या हद्दीप्रमाणें पाडलेल्या गांवविभागानें, आपले गरीब आपण सांभाळावे असें ठरलें. घरें व जमिनी असणारांवर कर बसवावा, म्हाताऱ्यांस व अपंगांस मदत द्यावी, धडधाकट माणसास काम द्यावें, पोरक्या मुलांस एखाद्या धंद्यांत उमेदवार म्हणून लावावें, अशी त्यांत योजना होती. गरिबांचा भार समाजानें उचलावा हें तत्त्व येथें मान्य झालें, ही मोठी गोष्ट होती. परंतु 'आपले' गरीब कोणते, हा वाद लगेच निघाला. १६६२ च्या कायद्यानें बाहेरगांवाहून आलेला मनुष्य पुढें आपल्या करावर भार होईल असा संशय आल्यास, ४० दिवसांच्या आंत तक्रार करून त्यास मूळ गांवीं पाठविण्याची मुभा मिळाली. कामाच्या शोधांत घर सोडणें हाच जणूं अपराध ठरला.

पुढें १७९५ सालीं धान्य फार महागलें तेव्हां बर्कशायर परगण्यांतील स्पीनहॅमलँड येथें न्यायाधीशांनीं एक तोड काढली. पावाची किंमत व घरांतील माणसें पाहून मजुरीस पुरवणी द्यावयाची असें त्यांनीं ठरविलें. हेतु दयेचा होता. परंतु मजुरी अपुरी दिली तरी उरलेली भर कर देणारे घालतात, मग मालकानें ती कशास वाढवावी, अशी टीका होऊं लागली. खर्च वाढत गेला आणि लोकांचें मन उलट्या बाजूस फिरलें. गरीब हे आळसामुळें गरीब आहेत, हा समज बळावला.

या समजांतून १८३४ चा नवा कायदा निघाला. धडधाकट मनुष्यास मदत हवी असेल तर त्यानें वर्कहाउसांत, म्हणजे सरकारी गरीबखान्यांत, येऊन राहावें. आणि तेथील स्थिति बाहेरच्या हलक्यांतील हलक्या मजुराच्या स्थितीपेक्षां वाईटच असावी, असा नियम झाला. नवरा एका विभागांत, बायको दुसऱ्यांत, मुलें तिसऱ्यांत. मदत द्यावयाची, पण ती मागण्याची लाज वाटेल अशा रीतीनें द्यावयाची, हें त्यांतील धोरण होतें. कारखाना बंद पडल्यामुळें ज्याचें काम गेलें त्यालाही आळशाचेंच औषध मिळालें. पुष्कळ वृद्ध माणसांनीं गरीबखान्यापेक्षां उपास बरा मानला.

मजुरांनीं स्वतःही हातपाय हालविले. आठवड्यास कांहीं पेन्स भरून आजारपणीं मदत व मृत्यूनंतर अंत्यविधीचा खर्च देणारीं परस्पर साहाय्यकारी मंडळें त्यांनीं काढलीं. त्यांचें काम प्रशंसनीय होतें. पण ज्याची मजुरी थोडी व काम अनियमित, त्याला तेवढे पेन्सही नेमानें भरतां येत नसत. ज्याला गरज अधिक तोच मंडळाबाहेर राही.

वर्गणी आणि हक्क

या प्रश्नाचें नवें उत्तर जर्मनींत निघालें. तेथील मुख्य प्रधान बिस्मार्क हा कांहीं मजुरांचा कैवारी नव्हता. समाजसत्तावाद्यांच्या सभा व वर्तमानपत्रें बंद करणारा कायदा त्यानेंच १८७८ सालीं करविला होता. पण नुसत्या बंदीनें असंतोष शमत नाहीं हें तो जाणून होता. त्याच्या कारकीर्दींत १८८३ सालीं आजारपणाचा, १८८४ सालीं अपघाताचा व १८८९ सालीं म्हातारपण व अपंगत्व यांचा विमा कायद्यानें सक्तीचा झाला. आजाराच्या विम्यांत दोन भाग मजुरानें व एक भाग मालकानें भरावयाचा. अपघाताचा सर्व खर्च मालकांचा. वृद्धांच्या निवृत्तिवेतनांत मजूर व मालक सारखी वर्गणी देत व सरकार भर घाली. हें वेतन ७० व्या वर्षीं मिळे, म्हणून तें थोड्यांच्याच हातीं पडे. १९१६ सालीं वयाची अट ६५ वर आली. दोष असे होते; तरी एक फरक मूलभूत होता. मजूर येथें हात पसरून उभा नव्हता. त्याचें नांव वहींत होतें, त्याची वर्गणी जमा होती, आणि प्रसंगीं मिळणारा पैसा ही भीक नसून त्याचें घेणें होतें.

इंग्लंडांतील लोकमत बदलण्यास शोधक माणसांचे श्रम कारण झाले. सीबोम राउंट्री यांनीं १८९९ सालीं आपल्या यॉर्क शहरांतील मजुरांच्या घरोघरची पाहणी करविली आणि १९०१ सालीं ती प्रसिद्ध केली. शहरांतील शेंकडा सुमारें २८ लोक दारिद्र्यांत आढळले. ज्यांची मिळकत नुसतें शरीर धरून ठेवण्यासही पुरत नव्हती अशांपैकीं निम्म्याहून अधिक लोकांच्या घरचा कर्ता नियमित कामावर होता. त्याची मजुरीच अपुरी होती. आळसाचा सिद्धांत यापुढें टिकेना. राउंट्री यांनीं आणखी एक गोष्ट दाखविली. मजुराच्या आयुष्यांत तीन वेळां ओढगस्त येते : तो स्वतः लहान असतांना, त्याचीं मुलें लहान असतांना, आणि तो म्हातारा झाल्यावर. म्हणजे जो आज सुखी दिसतो तोही कालचा किंवा उद्यांचा गरीब असतो.

यानंतर १९०८ सालीं वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा झाला. ७० वर्षांवरील गरीब माणसास आठवड्यास ५ शिलिंगांपर्यंत रक्कम १९०९ च्या जानेवारीपासून मिळूं लागली, आणि ती पोस्टांत मिळे, गरीबखान्यांत नव्हे. १९११ सालीं लॉइड जॉर्ज यांनीं विम्याचा कायदा आणला. आजाराच्या विम्यासाठीं पुरुष मजुरानें आठवड्यास ४ पेन्स, मालकानें ३ व सरकारनें २ भरावे असें ठरलें. मजूर आजारी पडल्यास आठवड्यास १० शिलिंग, २६ आठवड्यांपर्यंत. इमारतीचें काम, जहाजबांधणी अशा कांहीं धंद्यांत बेकारीचाही विमा सुरू झाला. मात्र डॉक्टरची सोय विमेदार मजुरासच होती. त्याच्या बायकोमुलांस नव्हती. ही उणीव भरून निघण्यास दुसरें महायुद्ध यावें लागलें. १९४२ सालीं विल्यम बेव्हरिज यांनीं आपला अहवाल सादर केला. अभाव, रोग, अज्ञान, गलिच्छपणा व बेकारी या पांच राक्षसांशीं राष्ट्रानें लढावें, असें त्यांनीं मांडलें. ५ जुलै १९४८ रोजीं सर्वांसाठीं विमा व सर्वांसाठीं वैद्यकीय मदत सुरू झाली, आणि १६०१ पासून चालत आलेली गरिबांच्या कायद्याची पद्धति त्याच वर्षीं संपली.

मुंबईची कथा

आतां आपल्याकडे पाहूं. कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंत कापडाची पहिली गिरणी काढली, आणि रत्नागिरी, सातारा वगैरे भागांतून माणसें गिरणगांवांत येऊं लागलीं. या मजुरांचा विमा कोणता होता ? त्यांचें गांव. नवरा साच्यावर, आणि बायको, आईबाप, धाकटा भाऊ खेड्यांत, अशी पुष्कळांची व्यवस्था होती. आजारी पडलेला मनुष्य गांवीं जाई, काम गेलेला गांवीं जाई, म्हातारा झालेला गांवींच परते. १८९६ सालीं प्लेग आला तेव्हांही लोकांनीं गांवाचीच वाट धरली. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणी कामगारांस संघटित केलें आणि १८९० सालीं रविवारची सुटी मिळविली. पण सुटी मिळाली तरी आजारपणाची मजुरी मिळणें दूर होतें. गिरणीच्या मालकानें न भरलेली वर्गणी गांवांतील बायकांनीं शेतांत राबून भरली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

ज्यास गांव नव्हतें, किंवा ज्याचें गांव दुष्काळानें रिकामें झालें होतें, त्याला सावकार उरे. गिरणीचा पगार महिन्यानें होई, व तोही पुष्कळ दिवस मागें राही. तोंवर वाण्याकडे उधारी. मोठा प्रसंग आल्यास कर्ज, आणि रुपयास महिना एक आणा हा व्याजाचा दर त्या काळीं नेहमींचा होता. रुपयाचे आणे सोळा. म्हणजे वर्षास बारा आणे, अर्थात् शेंकडा ७५ व्याज! एका आजारपणाचें कर्ज अशा रीतीनें मुलाच्या हयातींतही फिटत नसे.

कायदे हळूहळू आले. १९२३ च्या कायद्यानें कामावर झालेल्या इजेची भरपाई देणें मालकांस भाग पडलें. मजूर स्त्रियांस बाळंतपणीं पगारासह विश्रांति मिळणें राष्ट्राच्या हिताचें आहे, असें डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत आग्रहानें सांगितलें. तो कायदा पुढच्या वर्षीं झाला. १९३६ सालीं पगार किती दिवसांत दिला पाहिजे याची मर्यादा ठरली. प्रा. अदारकर यांनीं १९४४ सालीं कामगारांच्या आजारपणाच्या विम्याची योजना सरकारास सादर केली. तिच्या आधारें १९४८ सालीं कर्मचारी राज्य विम्याचा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर व दिल्ली येथें त्याचा आरंभ झाला. त्याच वर्षीं भविष्यनिर्वाह निधीचाही कायदा झाला. मजुराचा वांटा, मालकाचा वांटा, वहींत नांव : तेंच तत्त्व आपल्याकडेही आलें.

वहीबाहेरचीं माणसें

पण ही वही कोणाची ? १९४८ चा कायदा प्रथम यंत्रशक्ति वापरणाऱ्या, वर्षभर चालणाऱ्या आणि २० किंवा अधिक माणसें असलेल्या कारखान्यांसच लागू होता. हमाल, गवंडी, मोलकरीण, शेतमजूर हे सर्व बाहेर. ज्याचा मालक रोज बदलतो त्याची वर्गणी कोण भरणार, असा प्रश्न पुढें येई, व तेथेंच बोलणें थांबे.

हें बोलणें महाराष्ट्रानें दोनदां पुढें नेलें, याचा आपणांस अभिमान वाटला पाहिजे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालीं माथाडी कामगारांनीं लढा दिला, आणि १९६९ सालीं त्यांच्यासाठीं कायदा झाला. मंडळ स्थापावयाचें, त्यांत हमालाचेंही नांव नोंदावयाचें व व्यापाऱ्याचेंही, मजुरी मंडळामार्फत द्यावयाची, आणि मजुरीवर आकारलेल्या जादा रकमेंतून भविष्यनिर्वाह निधि, रजा, औषधोपचार यांची सोय करावयाची. एक मालक नाहीं म्हणून वही नाहीं, हें म्हणणें त्या दिवशीं खोटें ठरलें. दुसरी गोष्ट रोजगार हमीची. वि. स. पागे यांनीं पुरस्कारिलेली ही योजना १९७२ च्या दुष्काळांत विस्तारली व १९७७ सालीं तिचा कायदा झाला. काम मागणें हा खेड्यांतील मजुराचा हक्क ठरला, आणि त्याच्या खर्चासाठीं शहरांतील नोकरी-धंदा करणारांवर १९७५ सालीं व्यवसाय कर बसला. शहरांतील पगारदारानें खेड्यांतील बेकाराची वर्गणी भरावी, हा विचार लहान नव्हे. पुढें २००५ सालीं साऱ्या देशासाठीं रोजगार हमीचा कायदा झाला.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत १९८२ च्या जानेवारींत संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत होते. कित्येक गिरण्या पुन्हां नीट चालल्याच नाहींत. कापड विणणें थांबलें नाहीं. तें भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर गेलें, आणि तेथें बहुतेक मजुरांचीं नांवें कोणत्याच हजेरीपटावर नव्हतीं. मिळविलेला हक्कही वहीबरोबर नाहींसा होऊं शकतो, हा त्यांतील धडा आहे.

शेवटची गोष्ट

आतां आमच्या वर्गांतील त्या मुलाकडे परत येऊं. बांधकाम मजुरांसाठीं १९९६ सालीं कायदा झाला होता. इमारतीच्या खर्चावर शेंकडा एक ते दोन उपकर घ्यावा, व वर्षांत ९० दिवस काम केलेल्या मजुराचें नांव मंडळांत नोंदून त्यास मदत द्यावी, अशी त्यांत योजना होती. त्या मुलाच्या वडिलांनीं वर्षांत ९० नव्हे, अडीचशें दिवस काम केलें होतें. पण त्यांचें नांव नोंदलेलें नव्हतें. ठेकेदारानें सांगितलें नाहीं. त्यांस स्वतःस वाचतां येत नव्हतें. आणि आम्हीं, जे त्यांच्या मुलास नागरिकशास्त्र शिकवीत होतों, आम्हीं कधीं विचारलें नाहीं. बापाचें नांव एका वहींत नव्हतें म्हणून मुलाचें नांव दुसऱ्या वहींतून गेलें.

२०२० सालीं संसदेनें नऊ जुने कायदे एकत्र करून सामाजिक सुरक्षेची संहिता संमत केली, आणि घरोघर माल पोंचविणाऱ्या, मोबाइलवरून काम मिळविणाऱ्या कामगारांचा उल्लेख तींत प्रथमच आला. २०२१ पासून असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणीही सुरू झाली. तथापि वहींत नांव येणें ही पहिली पायरी आहे. त्या नांवामागें कोणाकोणाची वर्गणी जमा आहे, हें पुढें विचारलें पाहिजे. नाहीं तर ती वही म्हणजे नुसती यादी राहील.

म्हणून विद्यार्थ्यांनो, दिवाळीच्या सुटींत एवढें काम करा. घरांत, चाळींत, वस्तींत जे रोजंदारीवर जातात त्यांच्यापाशीं बसा. त्यांचें नांव कोठें नोंदलें आहे कीं नाहीं तें विचारा. कागद वाचून दाखवा. अर्ज भरावयाचा असेल तर आपल्या सुवाच्य अक्षरांत भरून द्या. आणि आईवडिलांस आमचें सांगणें असें कीं, कामाचे दिवस टिपून ठेवा, पगाराची चिठ्ठी जपून ठेवा, आणि कांहीं प्रसंग आल्यास मुलाचा दाखला काढण्यापूर्वीं एकदां शाळेंत येऊन आम्हांस भेटा. दया दाखविणारे लोक पूर्वींही होते व पुढेंही असतील. पण ज्याचा हक्क नोंदलेला आहे त्यास कोणाच्या दयेची वाट पाहावी लागत नाहीं.

तो मुलगा अद्याप दुकानींच आहे. त्याच्या वडिलांचा नोंदणीचा अर्ज गेल्या महिन्यांत आमच्या वर्गांतील दोन विद्यार्थ्यांनीं भरून दिला. त्यास यापुढें शाळेंत परत येतां येईल कीं नाहीं, हें सांगतां येत नाहीं. परंतु त्याची धाकटी बहीण यंदा पांचवींत आहे, आणि तिचें नांव पटावर आहे.